थुंकीचा ग्लास आणि लसणाची प्लेट

शेजारच्या काकू सकाळी साडेसहाला बेल वाजवतात तेव्हा एक तर दूध नासलेलं असतं, नाहीतर पाणी गेलेलं असतं. गेल्या महिन्यात मात्र त्या काचेचा ग्लास घेऊन दारात उभ्या होत्या. ग्लासात पाणी आणि पाण्यावर त्यांची थुंकी. "तू कॉलेजात जंतूंचं शिकवतेस ना? मग बघ बरं, धागे सुटलेत की नाही?"

सुटले होते. वर फेसाचा गोळा आणि त्यातून चार-पाच पांढुरके दोरे खाली लोंबत होते. काकूंनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. उठल्याउठल्या, चूळ न भरता पाण्यात थुंकायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. धागे लोंबले तर समजायचं, अंगात यीस्ट वाजवीपेक्षा जास्त झालंय. थकवा, गॅस, गोड खावंसं वाटणं, अंगाला खाज, विसराळूपणा, सगळ्याचं मूळ म्हणे तेच. उपायही त्याच व्हिडिओत होता: लसूण, ओरेगानो, कडुनिंब, दारुहळद असं सगळं भरलेल्या कॅप्सूल. डबी मागवून झाली होती.

मी दुसरा ग्लास आणला आणि स्वतः थुंकले. माझेही धागे सुटले. मग काकांना उठवलं. ते कुरकुरले, पण थुंकले. त्यांचेही सुटले. लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं. रात्रभर तोंड बंद राहिलं की लाळ घट्ट होते आणि पाण्यात तिची तार निघते, भेंडी चिरताना निघते तशी. यीस्ट आहे की नाही, हे त्या तारेवरून कळायचा काही मार्ग नाही.

पण काकूंचा प्रश्न वेडगळ नव्हता. यीस्ट अंगात असतंच, कधीकधी वाढतंही. लसणाने ते मरतं, हेही खरं आहे, मी ते दर वर्षी डोळ्यांनी बघते. घोळ आहे तो या दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या जागेत.

हे यीस्ट म्हणजे नेमकं कोण?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ब्रेड फुगवणारं यीस्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात पूर्वी पोदेर (पाववाले) पावाच्या पिठात माडाची सूर घालायचे, ते सुरेत यीस्ट असतं म्हणूनच. आपल्या अंगात राहणारं यीस्ट या पाववाल्याचं लांबचं भावंड. त्याचं नाव कँडिडा, आणि त्यातली सगळ्यात जास्त आढळणारी जात कँडिडा अल्बिकन्स. दोन्ही शब्द लॅटिन आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी पांढरा रंग आहे. नाव ठेवणाऱ्याला तो पांढरेपणा दोनदा सांगावासा वाटला.

तोंड, आतडी, योनीमार्ग, त्वचेच्या घड्या, सगळीकडे हे पाहुणे मुक्कामाला असतात. ठणठणीत माणसांपैकी निदान निम्म्यांच्या अंगात कँडिडा सापडते आणि तिचा त्यांना काडीचा त्रास नसतो. त्यामुळे शौचाच्या तपासणीत कँडिडा सापडली, एवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. सापडणं वेगळं आणि माजणं वेगळं.

लोणच्याला बुरा कशाने येतो?

कैरीचं लोणचं घाला. बरणीत यीस्टच्या पेशी पहिल्या दिवसापासून असतात. त्या कैरीबरोबर येतात, हवेतून येतात, हातावरून येतात. पण मीठ, आंबटपणा आणि वरचा तेलाचा थर त्यांना डोकं वर काढू देत नाही. मग ऑगस्टमध्ये घरातलं कोणीतरी ओला चमचा बरणीत घालतं आणि आठवड्याने वर पांढरा बुरा दिसतो. यीस्ट तेच, बरणी तीच. जे दाबून ठेवत होतं ते सुटलं. आता वरचा बुरा काढा, गरम करून गार केलेलं तेल ओता, पण ओला चमचा घालणारा हात आवरला नाही तर बुरा परत येणार.

अंगातही असंच आहे. तिथे मिठाचं काम शेजारी राहणारे उपयोगी जिवाणू करतात, त्यांनी तयार केलेलं आम्ल करतं, प्रतिकारशक्ती करते, कोरडी आणि धड कातडी करते. ओले चमचे मात्र बरेच आहेत.

पहिला प्रतिजैविकांचा. घसा दुखला म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं की घशातल्या जिवाणूंबरोबर योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणूही मरतात. यीस्ट ही बुरशी, तिला अँटिबायोटिकचं काही वाटत नाही. शेजारी गेले, वाडा मोकळा. दुसरा मधुमेहाचा: रक्तात, लघवीत, लाळेत साखर वाढली की यीस्टचं रेशन वाढतं. यातच एक नवा प्रकार आलाय. नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या जादा साखर लघवीतून बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या चांगल्या आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपल्यावर त्या स्वस्तही झाल्या. पण साखर ज्या वाटेने बाहेर जाते तिथे यीस्टची पंगत बसते. या गोळ्या सुरू झाल्यावर खाज सुटली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा.

दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड जिभेवर आणि घशात बसतं, पंप ओढून चूळ भरली नाही की तिथे पांढरे चट्टे. रात्रीही न काढलेली कवळी, गरोदरपण, पोटातून घेतलेली स्टेरॉइडं, केमोथेरपी, एचआयव्ही. आणि नुसता ओलावाही पुरतो: जूनपासून सप्टेंबरपर्यंत छातीखाली, जांघेत, परकराच्या नाडीखाली साचणारा घाम, भिजलेले बूट घालून केलेला लोकलचा प्रवास.

मग "अंगभर यीस्ट" होतं का?

यीस्ट वाढण्याचे खरे प्रकार डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला दिसतात. तान्ह्या बाळाच्या जिभेवरचे दह्यासारखे चट्टे (दुधाचा थर ओल्या कापडाने सहज पुसला जातो, हे चट्टे जात नाहीत). योनीमार्गातली खाज, आग आणि फाटलेल्या दुधासारखा स्राव, जो चारातल्या तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतो. त्वचेच्या घडीतला लाल, ओला पट्टा आणि त्याच्या कडेला सुटे लाल ठिपके. सगळ्यात वाईट म्हणजे रक्तात शिरलेली कँडिडा. ती अतिदक्षता विभागात, शिरेत नळी असलेल्या, आधीच खचलेल्या रुग्णाला होते आणि जीव घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशांची यादी काढली. तिच्या सर्वांत वरच्या गटात कँडिडा अल्बिकन्स आहे आणि औषधांना दाद न देणारी कँडिडा ऑरिसही. रक्तातली कँडिडा झालेला माणूस शेजारणीकडे ग्लास घेऊन जाऊ शकत नाही.

व्हिडिओतलं "अंगभर यीस्ट" या कशातच बसत नाही. त्या कल्पनेची जन्मकथा अमेरिकेतली आहे. विल्यम क्रूक नावाच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. थकवा, डोकेदुखी, उदासी अशा ढीगभर तक्रारींमागे यीस्ट आहे, असं त्यात मांडलं होतं. पुस्तक तुफान खपलं. पुढे अलाबामामधल्या डॉक्टरांनी ही कल्पना तपासून पाहिली. असा त्रास असलेल्या ४२ बायकांना आळीपाळीने यीस्ट मारणारं निस्टॅटिन आणि दिसायला तशीच, पण औषध नसलेली पोकळ गोळी दिली. कोणाला कधी काय मिळतंय हे बायकांना ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. निकाल १९९० मध्ये छापून आला. योनीमार्गाची खाज खऱ्या औषधाने जास्त कमी झाली. थकवा वगैरे तक्रारी मात्र पोकळ गोळीनेही तितक्याच कमी झाल्या. यीस्ट मारून थकवा जात नसेल, तर थकव्याचं खापर यीस्टवर कशाला फोडायचं?

दोन अपवाद मात्र सांगायला हवेत, नाहीतर कोणी म्हणेल मुद्दाम लपवलं. लहान आतड्यात यीस्ट खरोखर वाढल्याचे रुग्ण सापडले आहेत. पण ते दुर्बिणीने आतड्यातला द्रव काढून, प्रयोगशाळेत वाढवून ठरवावं लागतं. आणि फार विरळ अशा काही माणसांच्या आतड्यात यीस्ट भाताची, पोळीची चक्क दारू बनवतं. माणूस न पिता झिंगतो. त्याचंही निदान रक्तातला अल्कोहोल मोजून होतं.

लसणाची प्लेट

आमच्याकडे दर वर्षी निदान दोन विद्यार्थी लसणाचा प्रकल्प घेतात. काचेच्या गोल बशीत जेलीसारखं खाद्य ओततात. त्यावर कँडिडाच्या पेशींचं पाणी कापसाच्या बोळ्याने सारवतात. मध्ये गोल खड्डा पाडून त्यात लसणाचा ताजा रस सोडतात आणि बशी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी सगळीकडे सायीच्या रंगाचा थर धरलेला असतो, झाकण उघडलं की ताज्या पावासारखा वास येतो. खड्ड्याभोवती मात्र लख्ख मोकळं वर्तुळ. मुलं पट्टी लावून ते मोजतात, फोटो काढतात, आणि दुपारपर्यंत त्यांची खात्री झालेली असते की औषध सापडलं.

मग मी त्यांना दुसरी बशी करायला लावते. यंदा एका मुलीने लसूण आईसारखा फोडणीत परतला, त्याचा रस काढला आणि घातला. वर्तुळच नाही. कच्चा लसूण ठेचला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) अ‍ॅलिसिन तयार करतं, आणि यीस्ट मारतं ते अ‍ॅलिसिन. उष्णतेने ते विकर मोडतं. बरं, कच्चा खाल्ला तरी अ‍ॅलिसिन रक्तात गेल्यावर काही मिनिटांत नाहीसं होतं. बशीतल्या खड्ड्यात रस थेट यीस्टच्या अंगावर ओतलेला असतो. गिळलेली पाकळी जठरातलं आम्ल, आतड्याची भिंत, यकृत आणि पाच लिटर रक्त ओलांडून तिथवर पोचायला हवी, तीही पुरेशी उरून. गच्चीवर बादलीभर पाणी ओतलं म्हणून तळमजल्यावरच्या तुळशीला ते मिळेल असं नाही.

हे तपासूनही झालंय. मेलबर्नमध्ये योनीमार्गात कँडिडा असलेल्या ६३ बायकांना पाळीआधी दोन आठवडे लसणाच्या किंवा पोकळ गोळ्या दिल्या. यीस्टच्या संख्येत ठळक फरक पडला नाही. आणि कोणी पाकळीच आत ठेवायला सांगत असेल तर कृपा करून ऐकू नका. कच्च्या लसणाने नाजूक कातडी भाजते, फोड येतात.

ओवा, खोबरेल, हळद, मेंदी

ओव्यात थायमॉल असतं. ओवा तळहातावर चोळल्यावर नाकात जातो तो वास त्याचाच. व्हिडिओत महागडं म्हणून मिरवणाऱ्या ओरेगानो तेलातलं कार्व्हाक्रॉल हे थायमॉलचंच सख्खं भावंड. दोन्ही यीस्टच्या पेशीचं आवरण फाडतात, बशीत. पण अर्क जेवढा तीव्र तेवढा आपल्या अन्ननलिकेलाही तिखट. लवंगेचं, दालचिनीचंही तेच. चहाच्या झाडाचं म्हणून मिळणारं टी ट्री तेल तर पोटात गेलं तर विषारी आहे.

खोबरेल तेलाचं प्रकरण जरा जास्त रंजक आहे. त्यातली मेदाम्लं बशीत यीस्ट मारतात. शिवाय २०१५ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठाने उंदरांना खोबरेल खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या आतड्यातली कँडिडा कमी झाली. हे खरं काम आहे, मी वर्गात शिकवते. पण उंदरांच्या आहारातच खोबरेल भरपूर होतं. माणसाने मोठा चमचाभर जास्त खाल्ल्याने तेच होईल असं त्यातून निघत नाही, सव्वाशेच्या आसपास कॅलरी मात्र नक्की वाढतात. बाहेरून लावायचं तर एक इशारा: कोणतंही तेल लावलं की लेटेक्सचा कंडोम कमजोर होतो आणि फाटतो.

हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिरीतलं पायपरिन घालतात, शोषण वाढतं, आणि मग काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येतात. भाजीतली हळद बिनघोर खा, हे कॅप्सूलबद्दल आहे.

मेंदीचा मान मला वेगळा ठेवावासा वाटतो. कोकणात भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. तिथे मेंदीचा पाला वाटून लावतात, आणि त्यातलं रंग देणारं लॉसोन बुरशीविरोधी आहेच. चिखल्यांत नुसती कँडिडा नसते, दुसऱ्या बुरशा आणि जिवाणूही असतात. पण इथे बशीतल्यासारखीच परिस्थिती आहे: पाला थेट जागेवर, जाड थर, रात्रभर. शिवाय मेंदी लावून माणूस पाय वर करून कोरडा बसतो, ओला चमचा आपोआप बाहेर. पायाला चालणारा हा न्याय पोटाला किंवा नाजूक जागेला लावायचा मोह मात्र आवरायला हवा.

"पण हे सगळं नैसर्गिक आहे ना?"

पिंपरीची माती नैसर्गिक आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांना तिथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीविरोधी औषध मिळालं. जिवाणूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आणि औषधाला हॅमायसिन. अलाबामातल्या प्रयोगातलं निस्टॅटिनही मातीतूनच आलंय. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी ते १९५० मध्ये जगापुढे मांडलं आणि न्यूयॉर्क राज्याच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव ठेवलं. म्हणजे निसर्ग दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की औषधाच्या बाटलीवर किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं, आणि ते किती जणांना लागू पडलं ते मोजलेलं असतं.

मोजलं नाही की काय होतं, त्याची एक गंमत सांगते. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क यीस्टवर रामबाण म्हणून विकला जायचा, आजही विकला जातो. प्रयोगशाळांनी बाजारातले नमुने उघडले तेव्हा जंतू मारणारे निघाले ते त्यात मिसळलेले कृत्रिम परिरक्षक. जे नमुने निव्वळ बियांचे होते, ते काहीच मारत नव्हते.

अपायाचंही तसंच. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दिसायला सारखी असलेली दुसरी वेल असावी असं म्हटलं. मला विचाराल तर भांडण कोणीही जिंको, आपल्या डबीत नेमकी कोणती वेल आहे हे आपल्याला कळत नाही, हा मुद्दा दोन्ही बाजूंनी सिद्ध होतो. काकूंच्या डबीवर दारुहळद होती, तिच्यातलं बर्बेरिन इतर औषधांच्या पचनात ढवळाढवळ करतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी लसणाच्या अर्कापासूनही जपून राहावं. आणि कडुनिंबाचं तेल तान्ह्या मुलाला कधीही पाजू नये, झटके येऊन मुलं दगावली आहेत.

"मला तर बरं वाटलं!"

वाटलं असेलच. या कॅप्सूलबरोबर जो आहार सांगतात त्यात साखर, मैदा, दारू, बेकरी सगळं बंद असतं. महिनाभर हे सोडल्यावर कोणालाही हलकं वाटेल, यीस्ट असो वा नसो. आणि त्रास वाढला तर? तर म्हणे यीस्ट मरताना विष सोडतंय, घेत राहा. हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. बरं वाटलं तर औषध चांगलं, वाईट वाटलं तरी औषध चांगलं. मळमळ, पुरळ, पिवळे डोळे ही थांबायची खूण आहे.

दही खा, चांगलंच आहे. पण विरजणातले जिवाणू आणि योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या जातीचे. अँटिबायोटिकबरोबर लॅक्टोबॅसिलस दिले तर पुढची खाज टळते का, हे मेलबर्नमध्येच २३५ बायकांवर तपासलं गेलं, २००४ मध्ये छापलं गेलं. टळली नाही.

मग खाज सुटल्यावर काय करायचं?

आधी ती कशाची आहे ते बघून घ्यायचं. अमेरिकेत दुकानातून स्वतःच यीस्टचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तर जेमतेम एक तृतीयांश जणींना नुसता यीस्टचा त्रास होता. बाकीच्यांना जिवाणूंचा, मिश्र, किंवा भलताच. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दर वेळी यीस्ट नव्हे, पाळीच्या मध्यावर जाणारा पातळ स्राव तर आजारच नाही. यीस्टच असेल तर क्लोट्रिमॅझोलसारखं जागेवरचं औषध किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेकींना पुरते. गरोदर असाल तर ती गोळी नको. वर्षात तीनदा-चारदा झालं तर साखर तपासा आणि स्रावाची चाचणी करून जात ओळखून घ्या, कारण काही जाती या गोळीला जुमानत नाहीत. आतून धुणं, मग ते तुरटीचं पाणी असो की त्रिफळ्याचं, टाळा. राखणदार जिवाणू त्यात वाहून जातात. आणि दुकानदाराने खाजेवर दिलेल्या ट्यूबवर तीन-चार नावं असली तर त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, बुरशी पसरते.

काकूंना मी जीभ दाखवायला सांगितली. मागच्या बाजूला पांढरे चट्टे होते, पुसून न जाणारे. म्हणजे यीस्ट होतं, ग्लासात नव्हे, घशाच्या तोंडाशी. दोन वर्षं दम्याचा पंप चालू आहे आणि ओढल्यावर चूळ भरायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी तोंडात लावायचं औषध दिलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. कॅप्सूलची डबी परत घेतली नाही कंपनीने. तो थुंकीचा ग्लास आता पंपाच्या शेजारी असतो, चुळीसाठी.

गॅस मात्र आहे तसाच आहे. वालाची उसळ सोडायला त्या तयार नाहीत.